अजगराच्या पोटातलं पाणी

गेल्या अंकात पुराच्या तयारीवर लिहिताना पाणी भरून फुगवायच्या तात्पुरत्या बांधावर मी चारच ओळी खरडल्या होत्या. टपाल आलं ते सगळं त्या चार ओळींवर. तो अंक ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जाड पीव्हीसी कापडाची लांबच लांब पिशवी असते. गुंडाळी उलगडायची, पंपाने पाणी भरायचं, की गुडघ्याएवढा किंवा कमरेएवढा बांध तयार. पूर ओसरला की पाणी सोडून द्यायचं आणि पुन्हा गुंडाळी करायची. विकणारे तिला नाना नावं देतात, बोलताना सगळे ट्यूब म्हणतात. आमच्या साइटवरचे मजूर अजगर म्हणायचे. पाणी आत शिरताना ती ज्या तऱ्हेने अंग टाकत पुढे सरकते ते पाहिलं की दुसरं नाव सुचत नाही. पुलांच्या पायांच्या कामावर मी बावीस वर्षं काढली. नदीत पाया घेताना तेवढी जागा कोरडी ठेवायला आम्ही हेच अजगर वापरायचो. घराभोवती लावायला मात्र मी नंतर शिकले, आणि तेही एकदा तोंडघशी पडून.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो, पाण्यात पाण्याची पिशवी ठेवली तर ती वाहूनच जाणार. मी म्हणतो, टनावारी वजन आहे, हलणार कसं? आमची पैज लागली आहे. निकाल द्यावा.

उत्तर : दोघेही अर्धी अर्धी हरलात. घरातच करून बघा. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, हवा काढून तोंडाला गाठ मारा आणि भरलेल्या बादलीत सोडा. पिशवी पूर्ण बुडली की हाताला तिचं वजन जवळपास लागतच नाही. आता गाठ धरून तिला थोडी वर उचला. जेवढी पिशवी बादलीतल्या पाण्याच्या वर आली तेवढंच वजन हाताला लागतं. ट्यूबचं सगळं शास्त्र या बादलीत आहे. ट्यूबमधलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच असेल तोवर ती ठाण मांडून बसते. बाहेरचं पाणी तिच्या माथ्याला टेकत आलं की मुलाचं म्हणणं खरं व्हायला लागतं.

आता आकडे, कारण पैज आहे. अडवलेल्या पाण्याचा आडवा रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो. अर्धा मीटर पाणी असेल तर बांधाच्या दर मीटर लांबीवर साधारण १२५ किलोचा रेटा येतो. एक मीटर पाणी असेल तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे ५०० किलो.

फुगल्यावर एक मीटर उंच होणारी ट्यूब जमिनीवर पसरून जवळजवळ दोन मीटर रुंद होते. तिच्या मीटरभर लांबीत १६०० किलोच्या आसपास पाणी मावतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण पुराचं पाणी तिच्या खालून झिरपतं आणि तिला वर उचलू पाहतं. बाहेर पाऊण मीटर पाणी असेल तर हे उचलणं सहाशे-साडेसहाशे किलोपर्यंत जातं, म्हणजे जमिनीवर दाबून बसलेलं वजन उरतं हजारच्या आत. ओल्या मातीवर प्लास्टिकची पकड मी दाबाच्या तीस ते चाळीस टक्केच धरते, म्हणजे २९० ते ३८० किलो. त्या वेळी रेटा असतो २८० किलोचा. निभावतं, पण काठाकाठाने. आता पाणी एक मीटरवर, ट्यूबच्या माथ्यापर्यंत आलं असं धरा. पकड तीनशेच्या वर जात नाही आणि रेटा झालाय पाचशे. म्हणून फुगलेल्या उंचीच्या तीन चतुर्थांशाच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही हा या धंद्यातला जुना नियम. एक मीटरची ट्यूब घेतलीत तर ती पाऊण मीटर पुरासाठी घेतलीत असं समजा. विक्रेता पूर्ण उंचीचा पूर अडेल म्हणाला तर त्याच्यापुढे बादली ठेवा.

तिसरी गोष्ट पैजेत नव्हती, तरी सांगते. सरकण्याआधी ट्यूब लोळते. गोल वस्तूला ढकललं तर ती दुसरं काय करणार? यावर युक्ती अशी, की एका मोठ्या खोळीत दोन ट्यूबा शेजारीशेजारी घालायच्या. ओट्यावर दोन लाटणी चिकटवून ठेवा आणि दोन्ही एकाच दिशेने लोळवायला बघा. जिथे ती एकमेकांना टेकतात तिथे एकाची बाजू वर जाऊ पाहते, दुसऱ्याची खाली. दोघं एकमेकांना अडवतात. काही बनावटींत आत कापडाचा उभा पडदा शिवतात, काहींत खाली दोन आणि वर एक अशी उतरंड करून पट्ट्यांनी आवळतात. सुटी, एकेरी, पोटात काहीही नसलेली ट्यूब कोणी स्वस्तात देत असेल तर बागेला पाणी साठवायला घ्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीने तळघरातल्या पार्किंगसाठी ३० मीटरची ट्यूब घ्यायचं ठरवलं आहे. सेक्रेटरी म्हणतात, वॉचमन बागेच्या नळीने तासाभरात भरेल. खरं आहे का?

उत्तर : सेक्रेटरींनी आयुष्यात कधी टाकी भरताना घड्याळ लावलेलं दिसत नाही. पाऊण मीटर उंचीची ३० मीटर ट्यूब म्हणजे अंदाजे २८,००० लिटर पाणी. बागेची नळी मिनिटाला १५ लिटर देते असं धरलं तर ३१ तास लागतील. पेट्रोलवर चालणारा दोन इंची पंप मिनिटाला ५०० लिटर टाकतो, त्याला तास पुरतो. तीन इंची पंपाला अर्धा तास. तेव्हा ट्यूबबरोबर पंप घ्यायचा, लेफ्लॅट, म्हणजे रिकामा असताना चपटा गुंडाळता येणारा पाइप घ्यायचा, आणि मुख्य म्हणजे पाणी कुठून घेणार ते आजच ठरवायचं. पूर दारात यायच्या आधी ट्यूब भरायची असते, आणि तेव्हा पुराचं पाणी हाताशी नसतं! जमिनीखालची टाकी, पोहण्याचा तलाव, दहा हजारी तीन टँकर, यांतलं काय आहे तुमच्याकडे? पुराचं पाणी पायरीशी येईपर्यंत थांबून तेच आत ओढणारे लोक मी पाहिले आहेत. जमतं, पण तेव्हा हात थरथरत असतात, आणि सक्शन पाइपच्या तोंडाला जाळी लावायचं हमखास राहतं.

भरण्यापेक्षाही अंथरणं नाजूक आहे. आधी जागा झाडून घ्या, आणि झाडून म्हणजे झाडूनच. आमच्या साइटवर सर्वांत जास्त ट्यूबा फोडल्या त्या बोटभर बाइंडिंग वायरच्या तुकड्यांनी. मी एक पोरगा चुंबक दोरीला बांधून फिरवायलाच ठेवला होता. मग उतार बघा. ट्यूबमधलं पाणी सपाट राहतं, जमीन राहत नाही. तीस मीटरमध्ये जमीन २० सेंटिमीटर चढत असेल तर वरच्या टोकाला तुमची पाऊण मीटरची ट्यूब ५५ सेंटिमीटरच भरते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या आणि दर पाच मीटरवर भिंतीला रेघ मारून ठेवा. पुराचं पाणीही सपाट असतं, त्यामुळे त्या रेघांवरून कुठे कमी पडणार ते सुक्यातच कळतं.

आणि फरशी. मी तोंडघशी पडले ती इथेच. धाकट्या बहिणीच्या घराभोवती आम्ही ट्यूब लावली. तीन बाजूंना माती, फाटकापाशी मात्र गुळगुळीत फरशी. दिवस मावळला, पंपातलं पेट्रोल संपलं, ट्यूब साधारण दोन तृतीयांश भरली होती. मी म्हणाले, पुरे, पाणी काही एवढं चढत नाही. साइटवरची एक सवय तेवढी मोडली नव्हती. कोरड्या बाजूला ट्यूबच्या कडेपासून वीतभर अंतरावर ऑइलपेंटने रेघ मारून ठेवली. रात्री दोनला बॅटरी घेऊन पाहायला गेले तर रेघेपर्यंत चारच बोटं उरली होती. पावणेतीनला रेघ ट्यूबखाली गेली होती. डोळ्यांना काहीही हललेलं दिसत नव्हतं, आवाज नव्हता, पाणी गळत नव्हतं. फक्त रेघ नव्हती. सगळ्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. वीसेक मिनिटांनी फाटकापाशी ट्यूब दाराच्या पाखासारखी वळली आणि गुडघाभर पाणी एका दमात आत आलं. माती तिन्ही बाजूंना धरून होती. गुळगुळीत फरशीवर आता मी रबरी फोमचा पट्टा अंथरल्याशिवाय ट्यूब टेकवत नाही. आणि अर्धवट भरलेल्या ट्यूबला पुरे म्हणत नाही.

प्रश्न : रस्त्यावर लाल-पांढरे प्लास्टिकचे बॅरिकेड असतात, त्यांतही पाणी भरतात. तेच ओळीने लावले तर?

उत्तर : ते गाडीसाठी आहेत, पाण्यासाठी नाहीत. दोन बॅरिकेडमधल्या फटीतून हात जातो, मग पाणी थांबेल कशाला? बूड अरुंद, खाली सील नाही. समोर ताडपत्री टाकून फटी झाकता येतात, पण मग रेटा पूर्णपणे त्यांच्यावर येतो आणि ते उलथतात. वाहतूक वळवायला वापरा. ट्यूबपाशी गाड्या फिरकू नयेत म्हणून त्यांची फार गरज असते, ते पुढे सांगते.

प्रश्न : गेल्या पुरात आम्ही ट्यूब लावली. ती जागची हलली नाही, एक थेंब वरून आला नाही. तरीही घरात घोटाभर पाणी झालं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, ‘बांध तर टिकला ना!’ आमची फसवणूक झाली का?

उत्तर : चिडला आहात ते बरोबर आहे, पण ट्यूबने तिचं काम केलं. पाणी कुठून आलं ते पत्रात नाही, म्हणून माझ्या अनुभवातल्या क्रमाने विचारते. पहिलं, न्हाणीघराची मोरी आणि संडास. बाहेरच्या गटारातलं पाणी तुमच्या जोत्यापेक्षा वर चढलं की ते पाइपातून उलटं येतं. बाहेर कितीही उंच बांध घाला, ते तुमच्याच मोरीतून वर येणार. यासाठी बाहेर जाणाऱ्या पाइपवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह हवा. नसेल तर फुगवायचा प्लग किंवा पाण्याने भरलेली दुहेरी पिशवी संडासाच्या भांड्यात आणि मोरीवर दाबून ठेवायची. मग अर्थातच पूर असेपर्यंत घरातलं सांडपाणीही बाहेर जाणार नाही. संडास कुठे करायचं ते आधी ठरवा, सांगायला संकोच वाटतो म्हणून कोणी सांगत नाही.

दुसरं, जमीन. अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत का? त्यांच्याखाली वाळूचा थर असतो, आणि वाळू म्हणजे पाण्याचा हमरस्ता. ट्यूब वर ऐटीत बसलेली असते आणि पाणी तिच्या खालून, ब्लॉकच्या सांध्यांतून बुडबुडे काढत वर येतं. बांधाच्या रेषेत दोन हात रुंद पट्टी उखडून तिथे काँक्रीट केलंत तर निम्मा त्रास जाईल. पुराच्या बाजूला ट्यूबच्या पुढे प्लास्टिकचा पदर लांबवर पसरून त्यावर वजन ठेवलं तरी झिरपण्याची वाट लांबते आणि वेग मंदावतो.

तिसरं, पाऊस. याकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. तुम्ही घराभोवती कडं केलंत म्हणजे बशी तयार केलीत. २०० चौरस मीटरच्या आवारात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी बशीत जमतं. जायला वाट नाही, कारण ती तुम्हीच बंद केलीत. गच्चीचे पाइपही बशीतच सुटत असतील.

म्हणून आतल्या बाजूला, सगळ्यांत खोलगट जागी, बादली बसेल एवढा खड्डा आणि त्यात फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा पंप हा बांधाचाच भाग धरायचा. वीज जाणार हे गृहीत धरून दुसरा पेट्रोलवर चालणारा. तो उघड्यावरच चालवायचा. तळघरात किंवा बंद व्हरांड्यात पेट्रोल पंप चालवला तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसं मारतो, आणि त्याला वास नसतो. ट्यूब विकणाऱ्याने तुम्हाला पंपाचं सांगितलं नसेल तर माझ्या मते तेवढ्यापुरतं तुम्ही फसलात.

प्रश्न : शेजारी म्हणतात की आमच्या ट्यूबमुळे त्यांच्याकडे जास्त पाणी गेलं. गेल्या महिन्यापासून बोलणं बंद आहे.

उत्तर : मोठी नदी पसरून सगळीकडे शांत, सपाट पाणी भरलं असेल तर तुमच्या एका घराने अडवलेली जागा त्या पसाऱ्यात काहीच नाही, शेजाऱ्याची पातळी तुमच्यामुळे बदलत नाही. पण गल्लीतून पाणी वाहत येत असेल आणि तुम्ही ती वाट बंद केली असेल, तर ते वळून कुठेतरी जाणारच, आणि तिथे शेजारी बरोबर आहेत. पाणी उभं होतं की वाहतं, हे तुम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. माझा सल्ला विचाराल तर पुढच्या वेळी दोन्ही घरांना मिळून एकच कडं घाला. दोन वेगळ्या कड्यांपेक्षा लांबी कमी लागते, पंप एकमेकांना उपयोगी पडतात, आणि रात्री जागायला माणसं दुप्पट मिळतात. कोपरे मात्र काटकोनात वळवू नका. ट्यूब मोडते तिथे तिची उंची घटते. ऐसपैस वळण द्या.

प्रश्न : एक भोक पडलं की संपलं, मग वाळूची पोती काय वाईट?

उत्तर : वाईट अजिबात नाहीत. पोत्यांचा बांध हळूहळू बिघडतो, इशारा देतो, एक पोतं गेलं तर दुसरं टाकता येतं. ट्यूब जाते तेव्हा एकदम जाते. २०११ साली अमेरिकेत नेब्रास्कातल्या फोर्ट कॅल्हून अणुवीज केंद्राला मिसुरी नदीच्या पुराने वेढलं होतं. तिथे सुमारे ६०० मीटर लांब, आठ फूट उंच पाण्याने भरलेली ट्यूब घातली होती. २६ जूनला मध्यरात्र उलटल्यावर शेजारी काम करणाऱ्या एका यंत्राचा धक्का लागला, ती फाटली आणि पाणी इमारतींपर्यंत आलं. अणुभट्टी इंधन बदलण्यासाठी एप्रिलपासूनच बंद होती आणि महत्त्वाच्या इमारतींना स्वतःचं वेगळं संरक्षण होतं, म्हणून निभावलं. ध्यानात घ्या, ट्यूब पुराने फोडली नाही. म्हणून ट्यूबपासून गाड्या लांब ठेवायला ते लाल-पांढरे बॅरिकेड हवेत. आणि दुसरी, याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ट्यूबच्या भरवशावर तळमजल्यावर झोपायचं नाही. सामान वाचवायला ट्यूब आहे. माणसं आणि गुरं आधी हलवायची.

पण पोत्यांचा हिशोबही करा. तीन फूट उंचीचा पोत्यांचा बांध पायाशी नऊ फूट रुंद लागतो, उंचीच्या तिप्पट. शंभर फूट लांबीला तीन हजारांच्या वर पोती. ती अर्धी ते दोन तृतीयांशच भरायची, तोंड शिवून गच्च भरलेली पोती एकमेकांत बसत नाहीत. ही पोती भरायला, वाहायला माणसं किती आणि तास किती? पूर गेल्यावर ती वाळू मैलापाण्याने बरबटलेली असते, तिचं काय करायचं? ट्यूबला चार माणसं आणि दोन तास पुरतात. माझी पसंती अशी, की सरळ लांबीला ट्यूब आणि टोकं, सांधे, पायऱ्या, गटाराच्या फटी इथे पोती.

खरेदी करताना विक्रेत्याला चाचणीचं विचारा. अमेरिकेत एफएम २५१० आणि ब्रिटनमध्ये बीएस ८५११८८ अशी तात्पुरत्या पूरबांधांची मानकं आहेत. अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलाची व्हिक्सबर्गला प्रयोगशाळा आहे. तिथल्या हौदात असे बांध उभारून त्यांच्यावर लाटा सोडतात, वरून पाणी वाहू देतात, ओंडके आदळवतात आणि झिरप मोजतात. ‘एक थेंब झिरपणार नाही’ असं म्हणणारा विक्रेता मला चालत नाही. ‘मीटरला तासाला इतके लिटर झिरपेल’ असं म्हणणारा चालतो.

प्रश्न : ताई, भाड्याची एक खोली, रस्त्याच्या पातळीला दार. ट्यूब, पंप काही परवडणार नाही. आमच्यासाठी काही आहे का?

उत्तर : आहे, आणि ते जपानमधल्या नगरपालिका लोकांना शिकवतात. कचऱ्याच्या ४५ लिटरच्या दोन पिशव्या एकात एक घाला. त्यांत अर्ध्यापर्यंत, म्हणजे २० लिटरच्या आसपास पाणी भरा. हवा दाबून काढा आणि पिळा देऊन घट्ट गाठ मारा. गच्च भरू नका. लुळी पिशवी उंबऱ्याच्या खाचाखोचांत बसते, टणक पिशवी चेंडूसारखी वागते. अशा पिशव्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून खोकी दारासमोर एकमेकांना चिकटवून लावा, आणि खोक्यांच्या पुढून खालपर्यंत ताडपत्री ओढून घ्या. ताडपत्रीचा पदर बाहेरच्या बाजूला, पाणी येणार तिकडे पसरायचा, म्हणजे पाणीच त्यावर बसून ती दाबतं. नळाला पाणी आहे तोवर भरून ठेवा. यातली एक पिशवी मोरीवर, एक संडासात.

याने वीतभर पाणी अडेल, फार तर थोडं जास्त, आणि तेही उभं पाणी. पण रस्त्यावरून गाडी गेली की उंबऱ्यावरून आत येते ती लाट वीतभराचीच असते. याहून उंच अडवायच्या फंदात पडू नका. दारं-खिडक्या बंद करून भिंतीच पाण्याला टेकवायच्या म्हटलं तर भिंतींनाही मर्यादा असते. साध्या घरांच्या बाबतीत ‘फेमा’ ही अमेरिकेची आपत्ती-व्यवस्थापन संस्था तीन फुटांची हद्द सांगते. त्यापुढे पाणी बाहेर ठेवलं तर भिंतच आत येऊ शकते. तुमची भिंत जुनी असेल तर मी दोन फुटांवरच दार उघडून देईन. बटणं खाली असतील तर त्याआधीच मेन स्विच बंद करायचा. स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला अंधारात सापडलं पाहिजे.

प्रश्न : पूर ओसरला. आता ही भरलेली ट्यूब रिकामी कशी करायची, आणि कुठे ठेवायची?

उत्तर : घाई करू नका. बाहेरचं पाणी ट्यूबच्या पायथ्यापर्यंत उतरलं, नदीच्या वरच्या अंगाला पाऊस थांबल्याची खात्री झाली, की मग तोंड उघडा. पाणी कोणाच्या अंगणात जाणार ते आधी बघा, तुमचे २८,००० लिटर म्हणजे गल्लीतला छोटा पूर आहे. उताराच्या टोकाचं तोंड सोडलं की बरंचसं आपोआप जातं. उरलेलं काढायला वरच्या टोकाकडून चार माणसांनी अंथरुणाची वळकटी करावी तसं गुंडाळत आणायचं. पुराचं पाणी भरलं असेल तर रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच. त्यात मैला आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, आणि पायावर जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसला ती पुरेशी आहे.

मग आत-बाहेर साबणाच्या पाण्याने धुवा, पातळ ब्लीच फिरवा, साध्या पाण्याने खळखळा. सावलीत वाळवा, ऊन पीव्हीसीला कडक करतं. आतली बाजू वाळायला दोन-तीन दिवस लागतात. घरगुती पंख्याचं तोंड ट्यूबच्या तोंडाशी लावून ठेवलं तर काम होतं. ओली गुंडाळलीत तर पुढच्या वेळी बुरशीचा भपकारा आणि चिकटलेलं कापड मिळेल. घड्यांत टाल्कम पावडर मारा. जमिनीपासून वर, उंदरांना पोचता येणार नाही अशा जागी ठेवा. गुंडाळीवरच ठिगळाचा डबा, तोंडाची झाकणं, पंपाचा पाना आणि लेव्हलच्या रेघांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून बांधा.

आणि वर्षातून एकदा, कोरड्या दिवसात, घड्याळ लावून ती पूर्ण उलगडा आणि भरा. आमच्याकडे पहिल्या तालमीत अडीच तास गेले, त्यातला पाऊण तास पंपाच्या पाइपाला बसणारं कपलिंग शोधण्यात. ते माळ्यावर निघालं, दुसऱ्याच पंपाच्या खोक्यात.